लिफ्ट लावल्यावर शाफ्ट हाताने फिरवून बघा

जुन्या फोर-बाय-फोर ट्रकला ४ ते ६ इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणारा किट) लावली की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलला ताकद पोचवणारा लांब दांडा, जास्त तिरका होतो आणि त्याच्या टोकांचे आधीच झिजलेले क्रॉस (वाकत फिरणारे सांधे) लवकर जातात. म्हणून चासी भक्कम स्टँडवर घ्या, ॲक्सल मोकळे लोंबू द्या, गिअर न्यूट्रल करा आणि शाफ्ट पूर्ण फिरवा. योक (क्रॉस धरणारा दुबेळका) कुठे अडतोय का, स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) किती बाहेर आलाय, हे तिथेच कळतं. पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन मात्र गाडी चाकांवर उभी असताना मोजा. दोन्ही टोकांना साधा क्रॉस असेल, तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) आउटपुटला समांतर हवा. वरच्या, म्हणजे ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉसचा जोडसांधा) असेल, तर पिनियन शाफ्टच्या रेषेत, जेमतेम १-२ अंश खाली. हा कोन जुळवायला स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर घालायची तर स्टीलचीच घ्या, ॲल्युमिनियमची दबून फुटते.