खोलवरचं नाणं चुकतंय? सेन्सिटिव्हिटी आधी कमी करा

मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल पकडण्याची क्षमता) पूर्ण वाढवली की खोलवरचं नाणं सापडेल, असं वाटतं. ठाण्याकडच्या जमिनीत बरेचदा उलटंच होतं. बेसाल्टच्या मातीतल्या लोहखनिजाने मशीन सारखं कुरकुरतं आणि नाण्याचा बारीक आवाज त्यात बुडतो.

१. धातू नसलेली जागा बघून कॉइल (मशीनची खालची शोधणारी चकती) जमिनीपासून ३ ते १५ सेंमी वर-खाली करा. आवाज एकसारखा होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज वगळणारी सेटिंग) लावा. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी ओल्या खाऱ्या मातीत तो पुन्हा लावावा लागतो.

२. कुरकुर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली आणा. हाय-टेन्शन तारांखाली आणखी कमी करावी लागते. शक्यतो तिथून लांबच जा.

३. फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर मोठ्या चांदीच्या नाण्यासाठी ५ ते ८ किलोहर्ट्झ ठेवा. रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर मशीन पुढच्या वस्तूसाठी किती लवकर तयार होतं तो वेग) कमी ठेवा. खिळे-पत्रे फार असतील तर मात्र वाढवा, नाहीतर शेजारचा खिळा नाणं झाकतो.

४. डिस्क्रिमिनेशन (नको असलेले धातू गाळणारी सेटिंग) जवळजवळ शून्य. इथेच बहुतेकांचं चुकतं: १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे 'लोखंड नको' म्हटलं की तोही गाळला जातो. शिवाय खोलवरचं चांगलं नाणंही कधीकधी लोखंडासारखं वाजतं.

कॉइल जमिनीलगत, सावकाश फिरवा. दोन्ही दिशांनी तोच आवाज आला तरच खणा.

जागा स्वतःची किंवा मालकाच्या परवानगीची हवी; किल्ले आणि संरक्षित स्मारकं पूर्णपणे वर्ज्य. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.