इंग्लंडमध्ये काउंटी कोर्टाचा लिफाफा आला तर

तपकिरी लिफाफा, आत क्लेम फॉर्म, म्हणजे कुणीतरी तुमच्यावर पैशांचा दावा लावल्याचा कागद, आणि उत्तराचे कागद. बहुतेकदा कारण क्षुल्लक असतं: खासगी पार्किंगचा दंड, राहिलेलं बिल. 'बघू नंतर' म्हणून तो फ्रिजवर ठेवू नका. फॉर्म बजावल्यापासून उत्तराला 14 दिवस मिळतात. त्या मुदतीत नुसती पोच दिली, तरी बचाव मांडायला एकूण 28 दिवस होतात. पोच म्हणजे कबुली नव्हे!

गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो, सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट) म्हणतात त्याला. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर निकालाची सार्वजनिक नोंद निघते, नाहीतर सहा वर्षं राहते आणि घराचं कर्ज मागताना आडवी येते.

आपल्याकडच्यांची खरी अडचण पत्ता. भाड्याची घरं बदलत राहतो आणि कागद जुन्या दारात पडतात. म्हणून घर सोडताना टपाल वळवून घ्या, गाडीच्या नोंदणीतला पत्ताही लगेच बदला. निकाल उशिरा कळलाच, तर एन244 फॉर्म भरून तो रद्द करायला अर्ज करता येतो. मात्र फी पडते आणि दिरंगाई नडते.

10,000 पौंडांपर्यंतचे पैशाचे दावे साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत जातात. तिथे वकिलाविना लोक सर्रास उभे राहतात. घाबरू नका, कागद मात्र तारखेनुसार लावून न्या. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर हे लागू नाही, तिथे शेरीफ कोर्ट.