रक्त पातळ करायची गोळी: आम्ही केल्या त्या चुका तुम्ही टाळा

मागच्या कापूस वेचणीत बाबांना लकवा मारला, एमआरआयमधी निघालं की मेंदूतली नस आतून चरबी जमून अरुंद झाली. डॉक्टरनं अ‍ॅस्पिरिन अन् क्लोपिडोग्रेल लिहून दिली. गावात आलो तर शेजारचे काका म्हणे, ह्या तर साध्या गोळ्या आहेत, मले वॉरफॅरिन आहे, एकदम स्ट्राँग, तेच मागा. अन् आम्ही खरंच डॉक्टरले भांडायले निघालो होतो ना बाप्पा!

काकांचं दुखणंच वेगळं. त्यांचे हृदयाचे ठोके वाकडेतिकडे पडतात, त्यानं हृदयात रक्ताची गाठ होते अन् वर मेंदूत जाऊन अडकते, तिथं वॉरफॅरिन नाहीतर अपिक्साबॅन कामाची. अरुंद नसेत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात, त्यांना रोखणारी बाबांसारखी गोळी लागते. अशाच अरुंद नसवाल्यांत अमेरिकेत वॉरफॅरिन अन् अ‍ॅस्पिरिन समोरासमोर तपासून झाल्या, 569 पेशंट, 2005 मधी निकाल छापून आला. लकव्याचे झटके दोन्हीकडे जवळपास सारखेच, पण मोठा रक्तस्राव वॉरफॅरिनवाल्यांत 8.3 टक्के अन् अ‍ॅस्पिरिनवाल्यांत 3.2, मृत्यूही जास्त, म्हणून मधातच थांबवलं. त्यात अ‍ॅस्पिरिन दिवसाले 1300 मिलिग्रॅम होती, आपल्याकडं 75 नाहीतर 150 देतात.

दुसरी चूक तारखेची. दोन गोळ्या सोबत बहुतेक तीनेक महिने, मग एकच. कोणी तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर दोन्ही घेतं अन् रक्तस्रावाचा धोका वाढवतं, कोणी बरं वाटलं की दोन्ही बंद. चिठ्ठीवरच तारीख लिहून घ्या. दात काढायचा असला तरी आपल्या मनानं बंद करू नका.

मेडिकलवरून गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक आणायची सवय तर घरोघरी, अ‍ॅस्पिरिनसोबत ती पोटात रक्त काढू शकते. शौच डांबरासारखी काळी झाली की त्याच दिवशी दवाखाना. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोलही आपल्या मनानं नको, ती क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करते.

मग कोणीतरी म्हणते, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून मोकळे व्हा. स्टेंट अन् नुसतं औषध समोरासमोर तपासल्याचा 2011 चा निकाल पाहा, पहिल्या 30 दिवसांत झटका किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत 14.7 टक्के, नुसत्या औषधवाल्यांत 5.8. पण त्या औषधात गोळ्यांसोबत बीपी 140 च्या खाली, वाईट कोलेस्ट्रॉल 70 च्या खाली अन् तंबाखू सोडणं पण होतं. बाबा गोळ्या टायमावर घेतात, बीपीची पण, फक्त तंबाखूच्या खर्‍याची पुडी अजून उशीखाली सापडते.