पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फंक्शनला अख्खी ओळच द्या

रत्नागिरीत हापूसच्या पेट्यांचा हिशेब करताना मी फंक्शनला पेट्या, दर, हमाली, भाडं असं एकेक देत होतो. एकदा दर आणि भाडं यांची अदलाबदल झाली. दोन्ही आकडेच, त्यामुळे एरर आलीच नाही आणि बागायतदाराच्या हातात चुकीची पट्टी गेली. फार वाईट वाटलं.

पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवलं की त्याच नावाचा टाइप आपोआप तयार होतो. फंक्शनच्या पॅरामीटरला ‘ओळ’ म्हणा, त्याचा टाइप म्हणून टेबलाचंच नाव लिहा, आत ‘ओळ.दर’, ‘ओळ.भाडं’ असं वाचा. बोलावताना: ‘सिलेक्ट पट्टी(म) फ्रॉम माल म’. इथे ‘पट्टी’ हे फंक्शन, ‘माल’ हे टेबल आणि ‘म’ हे त्याचं टोपणनाव. टेबलाला टोपणनाव दिलंत तर कंसातही तेच हवं, मूळ नाव चालत नाही. पुढे टेबलात सेसचा कॉलम वाढला तरी ही क्वेरी तशीच राहते. बदल फक्त फंक्शनच्या पोटात.