चौकात सिग्नल बसवण्याचा निर्णय : या चुका टाळा

चौकात एखादा गंभीर अपघात होतो, दुसऱ्या दिवशी परिसरातले रहिवासी रास्ता रोको करतात, त्या आठवड्यात वाहतूक शाखेकडे निवेदन जाते आणि त्यातली मागणी बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते : ‘येथे तातडीने सिग्नल बसवावा.’ मागणीमागची कळकळ खरी असते, यात शंका नाही. मात्र त्या कागदावर दुखणे काय आहे याचा उल्लेख सापडत नाही. थेट औषधाचेच नाव लिहिलेले असते. सिग्नल एकच काम करतो. एकाच जागेवर हक्क सांगणाऱ्या वाहनांच्या प्रवाहांना तो आळीपाळीने वेळ वाटून देतो. तो रस्ता रुंद करत नाही, कोपऱ्यावर उभा असलेला टेम्पो हलवत नाही आणि उतारावरून सुसाट येणाऱ्या ट्रकचा वेगही आपोआप कमी करत नाही. या चौकाचे दुखणे वेळ वाटून देण्याने बरे होणारे आहे का, हा प्रश्न आधी विचारला जात नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

‘गर्दी आहे, म्हणजे सिग्नल हवाच’

आपल्याकडे या निर्णयासाठी लेखी निकष आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८५ सालच्या ९३ क्रमांकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सरासरी दिवसाच्या आठ तासांत मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून, एक पदरी रस्ता असल्यास ताशी किमान ६५० आणि दोन किंवा अधिक पदरी असल्यास ताशी ८०० मोटारवाहने असावीत, तर आडव्या रस्त्यावर अधिक वर्दळीच्या एकाच बाजूने येणाऱ्या वाहनांसाठी हेच आकडे अनुक्रमे २०० आणि २५० असावेत. मुख्य रस्त्यावरचा प्रवाह इतका अखंड असेल की आडव्या रस्त्यावरच्या वाहनाला शिरायला फटच मिळत नाही, तर वेगळा निकष आहे. पादचाऱ्यांसाठी आणि अपघातांसाठीही स्वतंत्र निकष आहेत.

हे आकडे ज्या काळात ठरले, त्या काळात रस्त्यावर आजच्याइतक्या दुचाकी नव्हत्या. आज पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या कोणत्याही मध्यवस्तीतल्या चौकात उभे राहिले तर ताशी ८०० वाहनांचा आकडा सकाळी सहज ओलांडलेला दिसतो. निकष पूर्ण झाला म्हणून सिग्नल लावायचा ठरवले तर पेठांमध्ये दर शंभर पावलांवर खांब उभा करावा लागेल. अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रण नियमपुस्तिकेत तर स्पष्टच लिहिले आहे की, निकष पूर्ण होणे एवढ्यावरून सिग्नल बसवणे बंधनकारक ठरत नाही. निकष हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर खरी तपासणी सुरू होते.

मोजणी चुकीची, म्हणून निर्णयही चुकीचा

बऱ्याच ठिकाणी मोजणी म्हणजे संध्याकाळी सहा ते सात या वेळेत काढलेले मोबाइलमधले दोन फोटो. वरच्या निकषात आठ तास म्हटले आहे, ते उगाच नाही. एका तासाच्या कोंडीसाठी बसवलेला सिग्नल उरलेले तेवीस तासही लोकांना थांबवत राहतो.

मोजणी कशी असावी, हे एका साध्या कागदावर दाखवता येते. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्यावरून आलेले वाहन सरळ जाईल, डावीकडे वळेल किंवा उजवीकडे वळेल. म्हणजे एकूण बारा हालचाली झाल्या. प्रत्येक रस्त्याला एक माणूस, त्याच्या हातात पुठ्ठ्यावर लावलेला तक्ता, तक्त्यात तीन रकाने आणि प्रत्येक रकान्यात दुचाकी, रिक्षा, मोटार, बस-ट्रक अशा ओळी. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. दर पंधरा मिनिटांनी नवा कागद. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. परंतु चौकाचे खरे स्वरूप त्या बारा आकड्यांतच असते. आपण वाहने डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रवाहाला छेदणारे वळण उजवे असते. उजवीकडे वळणारी वाहने ताशी वीस आहेत की दोनशे, यावर सिग्नलचा संपूर्ण आराखडा बदलतो. एकूण बेरीज पाहून ते कळत नाही.

दिवस निवडतानाही काळजी घ्यावी. सणाचा दिवस, शाळांची सुट्टी किंवा शेजारचा रस्ता खोदलेला असतानाची मोजणी उपयोगाची नाही. तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराचा दिवस स्वतंत्रपणे मोजावा आणि तो आकडा रोजच्या आकड्यांत मिसळू नये. पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चौक ओलांडताना एकदा पाहावा : पुढची चाके पलीकडच्या रस्त्याला लागली तरी मागची ट्रॉली अजून चौकाच्या मध्येच असते. तिथे पिवळा दिवा आणि त्यानंतरचा चारही बाजूंचा लाल वेळ दुचाकीच्या हिशेबाने ठेवला, तर हिरवा मिळालेली आडवी रांग त्या ट्रॉलीवरच येऊन धडकते.

अपघातांची संख्या पाहिली, प्रकार पाहिला नाही

अपघाताच्या निकषात बारा महिन्यांत नोंद झालेले पाच किंवा अधिक अपघात अपेक्षित आहेत. येथे ‘पाच’ या आकड्यापेक्षा अपघात कोणत्या प्रकारचे होते, हे महत्त्वाचे आहे. आडव्या रस्त्यावरून आलेल्या वाहनाची मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला बाजूने बसलेली धडक सिग्नलमुळे कमी होते. मागून बसणारी धडक मात्र सिग्नल आल्यावर बहुधा वाढते, कारण पूर्वी जिथे कुणी थांबत नव्हते तिथे आता पुढचा अचानक ब्रेक लावतो आणि मागचा पिवळ्यात निघून जाण्याच्या बेतात असतो. रात्री अंधारात दुभाजकावर चढलेली गाडी, खड्डा चुकवताना घसरलेली दुचाकी, बसमधून उतरून बसच्याच पुढून धावलेला प्रवासी, या तिन्ही घटना चौकात घडल्या म्हणून संख्येत धरल्या जातात. पण त्यांपैकी एकाही घटनेवर सिग्नल हा उपाय नाही.

म्हणून पोलीस ठाण्यातील नोंदी मागवून प्रत्येक अपघाताचा बाण चौकाच्या नकाशावर काढावा. राष्ट्रीय महामार्गावरील चौक असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही तपासावी. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात मागील तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, अथवा एकूण दहा मृत्यू, अशी ती व्याख्या आहे. वेगवान महामार्गावर अचानक समोर येणारा एकाकी सिग्नल हा स्वतःच एक धोका असतो. तिथे दुभाजकातील अनधिकृत फट बंद करणे किंवा भुयारी मार्ग काढणे, यांचा विचार आधी व्हायला हवा.

स्वस्त उपाय वगळून थेट खांबापर्यंत

सिग्नलचे उद्घाटन करता येते, कोपऱ्यावरची झुडपे छाटल्याचे करता येत नाही. या उपायांकडे दुर्लक्ष होण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. आडव्या रस्त्यावरच्या चालकाला मुख्य रस्ता दिसतो का, हे त्याच्या जागी बसूनच पाहावे. जाहिरातीचा फलक, पानाची टपरी, ट्रान्सफॉर्मरभोवतीचे कुंपण किंवा कोपऱ्याला लागून उभ्या केलेल्या गाड्या दृष्टी अडवत असतील तर त्या आधी हटवाव्यात. चौकाच्या तोंडाशी असलेला बसथांबा आणि रिक्षा स्टँड थोडे पुढे सरकवावेत. दिवे, रंगवलेल्या थांबरेषा, आडव्या रस्त्यावर गतिरोधक, मध्ये छोटे वर्तुळ, असे उपाय काही आठवडे करून पाहावेत. अमेरिकी नियमपुस्तिकेतील अपघाताच्या निकषात तर, असे सौम्य उपाय योग्य रीतीने राबवूनही अपघात कमी झाले नाहीत, ही अटच घातलेली आहे.

वर्तुळाकार चौक हा पर्यायही घाईने नाकारला जातो. मध्यम वर्दळीच्या चौकात तो चांगला चालतो, कारण तिथे सर्वांचा वेग उतरतो आणि समोरासमोर छेद जाण्याची जागाच उरत नाही. अट एकच : वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनाला प्राधान्य मिळाले पाहिजे. हा नियम आपल्याकडे आहे, पाळला जात नाही, आणि मग दोष वर्तुळाला दिला जातो.

चौकात जागाच नाही, हे गणित न करणे

इंग्लंडमधील रोड रिसर्च लॅबोरेटरीचे वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. प्रत्येक टप्प्यात, म्हणजे एका वेळी हिरवा मिळणाऱ्या रस्त्यावर, ताशी येणारी वाहने भागिले सतत हिरवा असता तिथून ताशी जाऊ शकतील तेवढी वाहने, हे गुणोत्तर काढायचे आणि सर्व टप्प्यांची बेरीज करायची. सिग्नलचे एक पूर्ण चक्र किती सेकंदांचे असावे, हे दिवे बदलताना वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट अधिक पाच, भागिले एक वजा ती बेरीज, असे काढतात.

समजा, चारही रस्त्यांना स्वतंत्र हिरवा द्यायचा आहे आणि प्रत्येक बदलात चार सेकंद वाया जातात, म्हणजे चक्रात एकूण १६ सेकंद. बेरीज ०.७० आली तर चक्र सुमारे ९७ सेकंदांचे येते. तासात अशी साधारण ३७ चक्रे होतात, म्हणजे तासातली जवळपास दहा मिनिटे चौक कुणाच्याच उपयोगी पडत नाही. आता वाहने वाढून बेरीज ०.८५ झाली तर चक्र १९३ सेकंदांवर जाते. तीन मिनिटांहून अधिक. एवढा वेळ आपल्याकडे कुणी थांबत नाही, आणि थांबला तरी इंजिन बंद करत नाही. बेरीज एकच्या जवळ गेली की सूत्र सांगते ते एवढेच : येथे सिग्नलने काही होणार नाही. एखादे उजवे वळण बंद करा, रस्ता एकेरी करा किंवा जागा वाढवा.

शेजारच्या सिग्नलचे अंतर विसरणे, ही याच चुकीची धाकटी बहीण. थांबलेली मोटार पुढचे अंतर धरून साधारण सहा मीटर जागा घेते. म्हणजे शंभर मीटर अंतरात एका पदरात सोळा मोटारी मावतात. ताशी ६०० वाहने येणाऱ्या पदराला ११० सेकंद लाल दिला तर अठरा वाहने जमतात आणि शेपूट मागच्या चौकात शिरते. तिथल्या आडव्या रस्त्याला हिरवा असूनही हलता येत नाही.

पादचारी शेवटी आठवणे

रस्ता १४ मीटर रुंद असेल आणि माणूस सेकंदाला १.२ मीटर चालत असेल, तर त्याला बारा सेकंद लागतात. काठी टेकत ०.८ मीटरच्या वेगाने चालणाऱ्या आजींना साडेसतरा. आराखड्यात पादचाऱ्यांचा टप्पाच नसेल आणि वर ‘डावे वळण मुक्त’ असेल, तर त्यांच्यासाठी चौक पूर्वीपेक्षा अवघड होतो. पूर्वी निदान वाहनांमध्ये फट तरी सापडत असे.

सिग्नल बसला, तरी त्रास तोच

दुपारी दोन वाजता लोक सर्रास लाल तोडत असतील, तर शिस्तीला दोष देण्याआधी आडवा रस्ता त्या वेळी रिकामा असतो का, ते पाहावे. असल्यास दिवसभर एकच वेळापत्रक चालू आहे, असे समजावे. दुपारचे चक्र छोटे करावे आणि रात्री उशिरा पिवळा लुकलुकता ठेवावा. हिरवा असूनही रांग पुढे सरकत नसेल तर अडचण दिव्यात नाही, पलीकडच्या तोंडाशी आहे : बहुधा बस, हातगाडी किंवा दुहेरी पार्किंग. शेजारच्या सोसायट्यांच्या गल्ल्यांतून अचानक वर्दळ वाढली असेल तर लाल वेळ लोकांना असह्य झाला आहे. वीज गेल्यावर चौक पूर्वीपेक्षा अधिक तुंबत असेल तर बॅटरीची सोय नाही किंवा ती मेलेली आहे. आणि प्रत्येक गर्दीच्या वेळी पोलीस हवालदाराला सिग्नल बंद करून हातानेच वाहतूक सोडावी लागत असेल, तर त्याच्याशेजारी अर्धा तास उभे राहावे. तो कोणत्या रस्त्याला किती वेळ सोडतो, याची नोंद हीच नव्या वेळापत्रकाची पहिली प्रत असते.

बसवलेला सिग्नल काढता येत नाही, हाही एक गैरसमज. फिलाडेल्फियात १९७८ ते १९९२ या काळात काढलेल्या १९९ अनावश्यक सिग्नलांच्या जागी चौकात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर थांबा-फलक (वाहनाने थांबूनच पुढे जावे असे सांगणारे) लावले गेले, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ते बहुतेक एकेरी रस्त्यांचे चौक होते आणि तिथे थांबा-फलक पाळला जातो, त्यामुळे तोच उपाय आपल्याकडे उचलून लावता येणार नाही. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे : अमेरिकेत सिग्नल काढण्यापूर्वी दृष्टी अडवणाऱ्या वस्तू हटवतात, लोकांना सूचना देतात, आणि किमान ९० दिवस दिवे झाकून किंवा लुकलुकते ठेवून चौकाचे निरीक्षण करतात. खांब लगेच उपटत नाहीत. आपल्याकडे दुरुस्तीअभावी कित्येक सिग्नल तसेही महिनोन्महिने बंद असतात. त्या काळात चौकात कुणी मोजणी केली, तर निर्णयासाठी लागणारी माहिती फुकटात हाती येईल.