पेटंट एक्झामिनरच्या जॉबसाठी रिझ्युमे, कव्हर लेटर लिहिताय? या चुका टाळा

मी पुण्यात पेटंट सर्चच्या, म्हणजे एखादा शोध आधी कुठे झालाय का हे जुन्या पेटंट्समध्ये शोधण्याच्या कामात आहे आणि नवीन मुलामुलींचे रिझ्युमे माझ्याकडे वाचायला येतात, बऱ्याच जणांना पुढे एक्झामिनर व्हायचं असतं. मुलं हुशार असतात हो, पण रिझ्युमे उघडला की जीव हळहळतो. एक्झामिनर म्हणजे पेटंटचे अर्ज तपासणारा अधिकारी, त्याचं कामच असं की समोरच्याचा प्रत्येक दावा पुरावा बघून तपासायचा, आणि यांच्या स्वतःच्या कागदावर एकाही दाव्याला पुरावा नसतो.

पहिली चूक म्हणजे भलत्याच दारात जाणं. आपल्या सरकारी पेटंट ऑफिसची भरती निघते तेव्हा कव्हर लेटर कोणी मागत नाही, ऑनलाइन फॉर्म, मग प्रीलिम्स, मेन्स, इंटरव्ह्यू. २०२३ ला ५५३ जागा होत्या, त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या १०८, मेकॅनिकलच्या ९९ आणि मेटलर्जीच्या फक्त ४, म्हणजे आपली डिग्री कुठल्या शाखेत बसते तेच आधी बघायचं. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात एक्झामिनर व्हायला तिथलं नागरिकत्व लागतं, युरोपियन पेटंट ऑफिसला सदस्य देशाचं, आणि एच-वन व्हिसावर तिकडे असलेली आपली मुलं हे न बघताच रात्र रात्र जागून अर्ज लिहीत बसतात. इथे असाल तर रिझ्युमे आणि कव्हर लेटरचा खरा उपयोग सर्च फर्म, लॉ फर्म आणि कंपन्यांच्या आयपी (पेटंट वगैरे बघणाऱ्या) टीममध्ये, कारण तिथे एक्झामिनरसारखंच वाचायचं काम असतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. रिझ्युमेच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'पेटंट होल्डर' लिहिलेलं असतं, आणि नंबर टाकून बघितलं तर नुसता अर्ज केलेला! अर्ज साधारण १८ महिन्यांनी पब्लिश होतोच, पब्लिश झाला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. त्याहून वाईट म्हणजे कॉलेजच्या सरांनी सात-आठ जणांची नावं घालून यूकेत डिझाइन रजिस्टर केलेलं असतं आणि मुलं ते भोळेपणाने पेटंट म्हणून लिहितात. डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, आणि यूकेत रजिस्टर करताना ते नवीन आहे का हे तपासतसुद्धा नाहीत. वाचणारा माणूस दिवसभर हेच करतो, त्याला दोन मिनिटांत कळतं आणि मग बाकीच्या रिझ्युमेवरचाही विश्वास उडतो. अर्ज केलाय, पब्लिश झालाय की मंजूर झालाय, जे असेल ते नंबरासकट सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रोजेक्टची ओळ कशी असावी ते एका मुलीच्या रिझ्युमेवरून सांगतो. तिने लिहिलं होतं, 'सोलर ड्रायरवर काम केलं.' बास, एवढंच. विचारल्यावर कळलं की बेदाण्यासाठी ड्रायर होता, बनवण्याआधी तिने एस्पेसनेटवर, म्हणजे पेटंट्स शोधायच्या वेबसाइटवर, एफ२६बी या वाळवण्याच्या यंत्रांच्या वर्गातली चौदा जुनी पेटंट्स वाचली होती आणि त्यातल्या दोन पेटंट्सपेक्षा आपल्या ड्रायरमधली हवा वेगळ्या वाटेने कशी जाते हे वहीत लिहून ठेवलं होतं. अगं, मग हेच लिही ना! आम्ही ती ओळ तशी बदलली, आणि कव्हर लेटरमध्ये त्या दोन पेटंट्सची तुलना सहा वाक्यांत घातली, 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक संधीच्या शोधात' वगैरे सगळं काढून टाकलं.

कव्हर लेटरमध्ये हळदीची गोष्ट तर हमखास येते. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने हळदीच्या पेटंटविरुद्धची लढाई जिंकली याचा अभिमान मलाही आहे, पण 'अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं' असं लिहू नका. १९९५ साली मिळालेलं ते पेटंट हळदीची पूड जखम भरायला वापरण्याचं होतं, आणि हे आधीपासून माहीत होतं असे जुने दाखले दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. दावा नेमका कशावर होता हेच ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात क्लेम्स, म्हणजे पेटंटमधले नेमके दावे, वाचायला कोण देणार?

जुन्या नोट्सवरूनही लिहू नका. आपल्याकडे पेटंट अर्जाच्या तपासणीची विनंती करायची मुदत ४८ महिने असं अजून खूप जण ठोकून देतात, मार्च २०२४ च्या नियमबदलानंतर केलेल्या अर्जांना ती ३१ महिने आहे.

आणि अनुभव असलेल्यांसाठी एक, हे मनापासून सांगतो. आधीच्या नोकरीतल्या क्लायंटचं नाव आणि त्याचा अजून पब्लिश न झालेला शोध रिझ्युमेत कधीही घालू नका. मी असे रिझ्युमे बघितलेत आणि लगेच बाजूला ठेवलेत, कारण उद्या आमचंही असंच बाहेर जाईल. 'मेकॅनिकलमधले नॉव्हेल्टी सर्च (शोध नवा आहे का याची तपासणी), महिन्याला अमुक इतके' एवढं लिहिलंत तरी पुरतं, बाकी आम्ही समोर बसवून एखादं मंजूर झालेलं जुनं पेटंट वाचायला देतोच.