पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्यात फुलं कशी टिकवावीत

आमची ऐरोलीची गॅलरी पश्चिमेला आहे आणि समोर थेट खाडी. आड एकही इमारत नाही, त्यामुळे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन नुसतं ओतत असतं. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत बहरलेले पिटुनिया पाहून भुललो आणि सहा कुंड्या घेऊन आलो. ती थंडीची फुलं. एप्रिल लागायच्या आत सगळ्यांचा पाचोळा झाला. नर्सरीत आज काय फुललंय ते पाहून रोप घेऊ नये, हे तेव्हा कळलं.

आधी ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी दर तासाला गॅलरीत डोकावा आणि कुठल्या कोपऱ्यात किती वेळ ऊन असतं ते लिहून ठेवा. मग दुपारी तीनला कुंडीला बाहेरून हात लावा. हात ठेवता येत नसेल तर आतल्या मुळांचं काय होत असेल? उन्हाळ्यात रोप मरतं ते बहुधा मुळं तापल्यामुळे, पानांवर ऊन पडल्यामुळे नव्हे. लोखंडी ग्रिलला टेकलेली काळी प्लास्टिकची कुंडी सर्वांत वाईट. मातीची कुंडी घ्या, किंवा आहे ती प्लास्टिकची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा. ग्रिलच्या पत्र्यावर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा सारा.

आता रोपं. पाच-सहा तास कडक ऊन असेल तर सुरुवात ऑफिस टाइमपासून करा. हिलाच कुणी चिनी गुलाब म्हणतं. ऊन चढलं की फुलं उघडतात आणि दुपार कलली की मिटतात, म्हणून ऑफिस टाइम हे नाव. विकत घ्यायचीही गरज नाही. शेजाऱ्यांकडून बोटभर काड्या मागा, खालची पानं काढा, वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. पसरट, उथळ कुंडी पुरते.

सदाफुली तर फुटपाथच्या भेगेतही उगवते. तिला मारायचा खात्रीचा उपाय एकच, रोज भरपूर पाणी.

बोगनवेलीच्या बाबतीत लोक फार लाड करतात आणि मग नुसती पानं येतात म्हणून रडतात. तिला लहान कुंडी द्या, शेणखत बेतानं घाला, आणि पानं किंचित मलूल दिसेपर्यंत पाणी देऊ नका. तहान लागली की ती रंग धरते. आपण ज्यांना तिची फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरी नळी. म्हणूनच तो रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

अडेनियम खोडातच पाणी साठवतो, चार दिवस गावी गेलात तरी चालतं. फक्त त्याचा चीक विषारी असतो. कण्हेरीचंही तसंच. घरात रांगतं मूल असेल तर ही दोन झाडं आणूच नका.

आणि मोगरा! उन्हाळा सुसह्य करणारं हे एकच झाड म्हणायला हरकत नाही. पण त्याची तयारी जानेवारीच्या अखेरीस करावी लागते. सात-आठ दिवस पाणी तोडा, फांद्या अर्ध्यावर छाटा, उरलेली पानं खुडून टाका. मग वरची माती उकरून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात, त्यामुळे छाटताना हात आखडू नका. आमच्याकडे दर वर्षी यावरून वाद होतो. आईला हिरवं झाड कापवत नाही.

पाणी सकाळी सातच्या आत द्या. कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत एकदाच द्या, दिवसभर घोट-घोट नको. मोगरा आणि लहान कुंड्यांना मे महिन्यात संध्याकाळीही लागतं. आधी मातीत बोट खुपसून पाहा. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच द्या. दुपारी नळाला पाइप लावायच्या भानगडीत पडू नका. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या वेळी चहा ठेवावा इतकं तापलेलं असतं. मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा रसवंतीवाल्याकडच्या चिपाडांचा थर द्या. चिपाडं मात्र धुऊन, कडक वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांची वारी लागते.

या दिवसांत रासायनिक खत पूर्ण बंद ठेवा. नवीन आणलेलं रोपही लगेच उन्हात लोटू नका. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. आठवडाभर सावलीत ठेवा, मग रोज तासभर ऊन वाढवत न्या.

मुंबईच्या पट्ट्यात पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो. पहिली सर आली की अडेनियम आणि ऑफिस टाइम छपराखाली ओढा. उन्हाने न मेलेली ही दोन झाडं पावसात आठवड्याभरात कुजतात. बोगनवेल राहू द्या बाहेर.